एंटोमोस्ट्राका म्हणून सगळ्यांना एकाच बाटलीत भरताय? या चुका टाळा

कॉलेजच्या झूऑलॉजी लॅबमध्ये जुन्या बरण्यांवर ‘एंटोमोस्ट्राका’ असं लेबल अजून दिसतं आणि बरीच मुलं जर्नलमध्ये ते तसंच उतरवून मोकळी होतात. नाव तसं मोठ्या माणसाचं आहे, ओटो फ्रेडरिक म्युलर या डॅनिश शास्त्रज्ञाने १७८५ मध्ये पाण्यातल्या या बारीक कवचधारी जिवांना ते दिलं, पण पुढे झालं असं की खेकडे-कोळंबीवाला मॅलॅकोस्ट्राका गट वेगळा काढला आणि उरलेले सगळे या नावाखाली राहिले. उरलेल्यांचं आपसात जवळचं नातं असेलच असं नाही ना! म्हणून आता हा गट मानत नाहीत. डॅफनिया (पाण्यातली पिसू) ब्रँकिओपोडात, सायक्लॉप्स कोपेपोडात, सायप्रिस ऑस्ट्रॅकोडात, असे वेगवेगळे गट लिहा. जुनी बरणी असेल तर जुनं लेबल मात्र फाडू नका, नवीन शेजारी चिकटवा, कारण जुन्या लेबलवर गाव आणि तारीख असते आणि ती परत कुठून आणणार?

खरी गडबड नावापुरती राहत नाही. सगळे एकच समजले की पाळतानाही सगळे एकाच बाटलीत जातात, आणि मग आठवड्याभरात मेसेज येतो, ‘डॅफनिया कमी कमी होतायत, काय करू?’ अहो, डॅफनिया पाण्यातलं शेवाळ-बॅक्टेरिया गाळून खातो आणि सायक्लॉप्स शिकारी आहे, तो बारीक पिल्लं सोडत नाही, माशांची नुकती निघालेली पिल्लंसुद्धा धरतो. आर्टेमिया तर खाऱ्या पाण्यातला, तो गोड्या पाण्याच्या टाकीत काही तासांतच मरतो आणि मग पाणी घाण होतं.

बाटलीत सायक्लॉप्स घुसलाय का हे ओळखायची एक सोपी खूण आहे, ती नीट लक्षात ठेवा. डॅफनियाचं पिल्लू आईच्या पाठीवरच्या पिशवीतून बाहेर येतं तेच छोट्या डॅफनियासारखं दिसतं. त्यामुळे ‘फक्त डॅफनिया’च्या बाटलीतला थेंब मायक्रोस्कोपखाली घेतला आणि त्यात तीन जोड्या पायांचा, शिंपला नसलेला, एकच डोळा असलेला बारीक नॉप्लियस (अंड्यातून नुकतं निघालेलं पिल्लू) फिरताना दिसला तर तो कोपेपोडाचा, बहुतेक सायक्लॉप्सचाच. शिंपल्यात बंद असेल तर ऑस्ट्रॅकोडाचं पिल्लू. या नॉप्लियसला वेगळा प्राणी समजून वेगळं नाव लिहिणारे खूप आहेत, खुद्द म्युलरनेच त्याला स्वतंत्र वंश धरलं होतं, तेव्हा मुलांना रागावू नका, दाखवा. मोठा सायक्लॉप्स तर लगेच कळतो, पुढे रुंद मागे निमुळता, झटके देत पोहतो, मादीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या. मिसळलंच असेल तर ड्रॉपरने अंडीवाल्या दोन-चार डॅफनिया उचलून नव्या पाण्यात वेगळ्या वाढवा, जुनी बाटली साफ करत बसू नका.

एका रात्रीत सगळे मेले? आधी नळाच्या पाण्यातला क्लोरीन बघा, पाणी दिवसभर उघडं ठेवून मगच वापरा. खायला यीस्ट चमचाभर टाकू नका, चिमटीपेक्षाही कमी, पाणी एका दिवसात परत स्वच्छ दिसलं पाहिजे. एअर पंपाचे बारीक बुडबुडे नकोत, हवा कवचाखाली अडकते आणि बिचारे वर तरंगत राहतात. आणि नाशिकचा एप्रिल-मे असेल तर डॅफनियाचा हट्ट सोडा, मोइना पाळा, डॅफनियाचाच नातेवाईक, तो उन्हाळा जास्त सहन करतो.

सॅम्पल घेताना आपल्याकडची एक गोष्ट फार लोक विसरतात. द्राक्षबागेजवळच्या शेततळ्यातून पाणी आणायचं, त्यात काहीच सापडत नाही, आणि रिपोर्टमध्ये ‘प्राणी नाहीत’ लिहायचं. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात, त्यात मोरचूद असतं म्हणजे तांबं, आणि डॅफनियाला तांबं अगदी थोडंसुद्धा चालत नाही. म्हणूनच तर जगभर पाण्याचं विष तपासायला डॅफनिया वापरतात. शेतकरीदादांना फवारणी कधी झाली ते विचारा, ती तारीख नोंदीत लिहा, आणि गंगापूर धरणाच्या काठावरचं दुसरं सॅम्पल तुलनेला सोबत ठेवा. नांदूर मध्यमेश्वरला जायचं असेल तर ते अभयारण्य आहे, रामसर स्थळही (जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा), वनखात्याच्या परवानगीशिवाय जाळी टाकू नका.

बरणीत जपून ठेवायला जिवंत डॅफनिया सरळ अल्कोहोलमध्ये टाकला तर कवच फुगतं, अंडी बाहेर पडतात. आधी साध्या सोडावॉटरने सुस्त करा, मग साखर घातलेल्या फॉर्मेलिनमध्ये ठेवा, आणि हे सरांसमोरच करा.

शेवटचं, पाण्यात सायक्लॉप्स दिसला की घरी घाबरवून सोडू नका. नारू हा जंताचा रोग त्याच्यामार्फतच व्हायचा हे खरं, पण त्याच्या पोटात नारूची अळी असेल तरच, आणि भारत २००० सालीच नारूमुक्त जाहीर झालाय. तरी विहिरीचं, बारवेचं पाणी पिण्याआधी दाट कापडाने गाळून उकळा, बाकीच्या रोगांसाठी ते लागतंच.