चवथीच्या सुट्टीत मेल सर्व्हरवरून आपोआप जाणारं उत्तर

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी दुपारनंतर गोव्याच्या वास्कोतलं आमचं ऑफिस रिकामं होतं. कोणी सत्तरीला, कोणी पेडण्याला, कोणी काणकोणला आपल्या मूळ घरी निघतो, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची घाई असते. बंदर मात्र थांबत नाही. आमचं काम जहाजांच्या कागदपत्रांचं, त्यामुळे सुट्टीतही मेल येतच राहतात. आम्ही परत कधी येणार आणि तातडी असली तर फोन कोणाला करायचा, एवढं तरी समोरच्याला लगेच कळायला हवं. ऑफिसचा मेल सर्व्हर मीच सांभाळते, म्हणून ही माझी जबाबदारी.

सुरुवातीला मी पोस्टफिक्सला, म्हणजे मेल घेणाऱ्या-पाठवणाऱ्या प्रोग्रामला, एक छोटी स्क्रिप्ट जोडली होती. मेल आला की उत्तर पाठवायचं, बस. पहिल्याच सुट्टीत एका ग्राहकाकडेही तसंच काहीतरी चालू होतं. आमच्या उत्तराला त्यांचं उत्तर, त्याला पुन्हा आमचं. सकाळच्या आरतीनंतर लॅपटॉप उघडला तर रांगेत हजारो मेल साचलेले आणि खरे मेल त्यांच्यामागे अडकलेले. उत्तर पाठवणं सोपं असतं, कोणाला पाठवायचं नाही हे ठरवण्यातच सगळं काम आहे, हे तेव्हा कळलं.

त्याचे नियम २००४ सालच्या आरएफसी ३८३४ या इंटरनेटच्या नियमपत्रात आहेत. आपोआप आलेल्या मेलला उत्तर देऊ नये, मेलिंग लिस्टला देऊ नये, एकाच माणसाला पुन्हा पुन्हा देऊ नये. आपलं उत्तर रिकाम्या एन्व्हलप पत्त्यावरून, म्हणजे मेलच्या पाकिटावर परतीचा पत्ता न घालता, पाठवावं, म्हणजे ते पोचलं नाही तरी परतीचा मेल फिरत बसत नाही. हे सगळं स्वतः लिहायची गरज नाही. डव्हकॉट हा खात्यांमध्ये मेल साठवणारा प्रोग्राम. त्यात सिव्ह ही मेल छाननीचे नियम लिहायची भाषा चालते, आणि तिच्या ‘व्हेकेशन’ या सोयीत ते आधीच आहे, म्हणून मी जुनी स्क्रिप्ट कायमची काढून टाकली.

डेबियन लिनक्सवर डव्हकॉटची एलएमटीपी (मेल खात्यात पोचवणारं), सिव्ह आणि मॅनेजसिव्ह (सिव्हचे नियम दुरून बदलू देणारं) ही तीन पॅकेजं घाला. पोस्टफिक्सने मेल डव्हकॉटच्या एलएमटीपीकडे सोपवायला हवा, आणि एलएमटीपीच्या प्लगइनमध्ये सिव्हचं नाव हवं. हे दुसरं राहिलं तर काहीच घडत नाही, चूकही दिसत नाही. प्रत्येक खात्याला सर्व्हरवर स्वतःचं फोल्डर, म्हणजे होम डिरेक्टरी, आहे ना, तेही पाहा. कोणाला उत्तर गेलं याची नोंद तिथेच राहते. राऊंडक्यूब या वेबमेलमध्ये मॅनेजसिव्हचं प्लगइन चालू केलं की लोक आपलं उत्तर स्वतः लिहू शकतात, त्यासाठी पोर्ट ४१९० लागतं.

सिव्हच्या नियमात मी तारखेची अट घालते. २०२५ ची चवथ २७ ऑगस्टला होती, म्हणून २६ ऑगस्टपासून १ सप्टेंबरपर्यंत. त्यासाठी सुरुवातीच्या ‘रिक्वायर’ ओळीत व्हेकेशन, डेट आणि रिलेशनल ही तिन्ही नावं लागतात. मुदत संपली की उत्तर आपसूक थांबतं, गावाहून कोणाला लॉगिन करावं लागत नाही. ‘डेज’ हा दिवसांचा आकडा दिला नाही तर एका माणसाला सात दिवसांत एकदाच उत्तर जातं. आमच्या कामाला मी एक ठेवते. स्पॅम बाजूला काढून ‘स्टॉप’ करणारा नियम मात्र याच्या वर असू द्या, नाहीतर स्पॅमवाल्यांनी ज्यांचे पत्ते खोटेपणाने वापरले, त्या निरपराध लोकांना आपली उत्तरं जात राहतील.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते ‘ॲड्रेसेस’पाशी, म्हणजे व्हेकेशनला आपले पत्ते सांगायच्या यादीपाशी. ऑफिसच्या सामाईक पत्त्यावर आलेला मेल एलियसमधून, म्हणजे एका पत्त्यावरचा मेल दुसरीकडे वळवणाऱ्या नोंदीतून, एखाद्याच्या खात्यात पडतो. पण टू किंवा सीसीमध्ये त्या माणसाचा स्वतःचा पत्ता नसतो. मग आपला पत्ता मेलमध्ये सापडला नाही, म्हणून व्हेकेशन गप्प बसतं. लॉगमध्ये कारण लिहिलेलं असतं, पण ते पाहायचं सुचायला हवं ना. सामाईक पत्ते ‘ॲड्रेसेस’च्या यादीत घाला, काम झालं.

चाचणी बाहेरच्या पत्त्यावरून घ्या, आणि सुट्टीआधी घ्यायची तर सुरुवातीची तारीख तेवढ्यापुरती आजची ठेवा. पहिल्या मेलला उत्तर येईल, दुसऱ्याला येणार नाही. ती बिघाडाची खूण नाही, नोंद आपलं काम करते आहे. पुन्हा तपासायचं असेल तर मजकुरातला एखादा शब्द बदला. मजकूर बदलला की ते नवं उत्तर धरलं जातं.

आणि मजकूर मनापासून लिहा. आमच्याकडे असा जातो: ‘गणेश चतुर्थीनिमित्त १ सप्टेंबरपर्यंत कार्यालय बंद आहे. आपला मेल मिळाला आहे, २ सप्टेंबरला उत्तर देऊ. जहाज बंदरात असेल तर खालच्या क्रमांकावर फोन करा.’ खाली तेच इंग्रजीत, कारण कॅप्टन कुठलाही असू शकतो. त्या क्रमांकावर सुट्टीभर खरंच कोणीतरी फोन उचलणार आहे ना, हे मी निघण्याआधी स्वतः विचारून घेते.