ग्राइंडरचा दगड डुगडुगतोय? आधी ड्रेसर खाली ठेवा

दसरा उलटला की ऊसतोडीचे कोयते माझ्या शेडमध्ये धारेला येतात, आणि त्यांच्या मागोमाग दोन-तीन बेंच ग्राइंडरही येतात. तक्रार ठरलेली: "दगड आऊट मारतोय." तोवर मालकाचे सगळे प्रयोग करून झालेले असतात. नट जीव खाऊन आवळलेला असतो, ड्रेसर, म्हणजे दगडाचं तोंड घासून काढायचं हत्यार, मारमारून 150 मिमीचा दगड 135 वर आणलेला असतो, आणि तरी मशीन चालू केलं की टेबलावरचा चहाचा कप आपोआप सरकायला लागतो.

ड्रेसर मारून दगडाची गोलाई येते. बाजूला लहरणारा दगड ड्रेसरने सरळ होत नाही. डुगडुग बहुतेक वेळा दगडात नसतेच, दगड ज्यावर बसलाय त्या बैठकीत असते. म्हणून शोध आतून बाहेर घ्यायचा: आधी शाफ्ट, मग फ्लँज (दगडाला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्या), मग बुश (दगडाचं भोक आणि शाफ्ट यांच्यामधली कडी), आणि सगळ्यात शेवटी दगड. सल्ला देणारे नेमके उलटे सुरू करतात.

हे सगळं बेंच ग्राइंडरबद्दल आहे. हातातल्या अँगल ग्राइंडरची चकती डुगडुगत असेल तर फार डोकं चालवू नका, चकती फेका, फ्लँज पुसा, नवी लावा.

कुठली डुगडुग?

पिन सॉकेटमधून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. टूल रेस्टवर, म्हणजे दगडासमोरच्या हत्यार टेकवायच्या पट्टीवर, पेन्सिल टेकवून तिचं टोक दगडाच्या बाजूला, कडेजवळ आणा आणि दगड हाताने सावकाश फिरवा. टोक आणि दगड यांच्यातली फट कमी-जास्त होत असेल तर दगड बाजूला लहरतोय. मग पेन्सिल समोर, दगडाच्या घासणाऱ्या तोंडाशी धरा. तिथे फट बदलत असेल तर गोलाई गेली आहे किंवा दगड मध्याला बसलेला नाही. दोन्हीकडे फट सारखीच आणि तरी मशीन थरथरतंय, तर तोल बिघडलाय किंवा मशीनचे पायाचे बोल्ट ढिले आहेत. बोल्ट आधी बघा. लाज वाटण्याइतक्या वेळा दुखणं तिथेच निघालंय.

तोल बिघडायचं एक कारण कुणी सांगत नाही: पाणी. हे दगड पाणी पितात. धार थंड करायचा डबा दगडाखाली ठेवला आणि दगडाचा खालचा भाग रात्रभर पाण्यात राहिला, तर सकाळी एक बाजू जड झालेली असते. दगड काढून दोन दिवस कोरड्या जागी ठेवा आणि डबा लांब सरकवा.

दगड उतरवणे

डाव्या बाजूच्या नटाला उलटे आटे असतात, उजव्याला सरळ. हे पाठ करत बसू नका. मशीनसमोर उभं राहून पान्याचं वरचं टोक आपल्याकडे ओढलं की दोन्हीकडचा नट सुटतो. दुसरा दगड जाड फडक्यात धरा. दगड आणि टूल रेस्टच्या मध्ये स्क्रू-ड्रायव्हर खुपसून अडवणाऱ्यांना मी शेडमध्ये घेत नाही.

दोन्ही दगड, फ्लँज, नट, सगळं काढा. शाफ्टवर ढिला नट ठेवून मशीन चालवलंत तर तो नट कुठे जाईल याची खात्री नाही. आता नुसता शाफ्ट चालवा. घरघर ऐकू आली किंवा बंद करून शाफ्ट वर-खाली हलवल्यावर हाताला प्ले (ढिलेपणा) लागला, तर बेअरिंग गेलं. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तोच आणून बदला, पुढचं वाचायची गरज नाही. डायल (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) असेल तर शाफ्टला लावून हाताने फिरवा. 0.05 मिमीच्या आत काटा हलला तर शाफ्ट ठीक. त्याच्या फार पुढे गेला तर शाफ्ट वाकलाय. मशीन कधी तरी टेबलावरून पडलेलं असतं, विचारल्यावर कुणी कबूल करत नाही. वाकलेला शाफ्ट हातोडीने सरळ करू नका. रोटर (मोटरचा शाफ्टसकट फिरणारा भाग) बदला, नाहीतर मशीन बदला.

बैठक

खरं काम इथे आहे. इथेच मी एका उन्हाळ्यात तीन रविवार घालवले, म्हणून जरा थांबून सांगतो.

शाफ्टला एक पायरी असते, आम्ही तिला खांदा म्हणतो. आतला फ्लँज त्या खांद्याला टेकतो, फ्लँजला दगड टेकतो, त्यावर बाहेरचा फ्लँज आणि नट. म्हणजे दगडाचा सरळपणा शेवटी त्या बोटभर खांद्यावर अवलंबून. माझ्या सहा इंची मशीनवर खांद्याचा व्यास 20 मिमी आहे आणि दगडाचा 150, म्हणजे साडेसात पट. खांद्यावर एका बाजूला 0.05 मिमीचा बर (धातूचा उठलेला कंगोरा), रंगाचा पापुद्रा किंवा नुसता वाळलेला ग्रीसचा कण राहिला, तर दगडाच्या कडेला तो 0.37 मिमी होऊन दिसतो. मी तीन रविवार दगडाला शिव्या देत होतो आणि दोष होता कारखान्यातून आलेल्या रंगाच्या एका थेंबात.

त्यात स्वस्त मशीनचे फ्लँज पत्रा दाबून काढलेले असतात. काचेवर ठेवून एका कडेला बोट दाबा, बहुतेक फ्लँज टुणकन हलतो. चांगल्या फ्लँजचा मधला भाग थोडा खोल असतो, म्हणजे तो दगडाला फक्त बाहेरच्या कडीने टेकतो. मध्येच टेकणारा फ्लँज दगड सरळ धरूच शकत नाही.

तर दोष बैठकीत आहे की दगडात, हे ठरवायची डायलशिवायची चाचणी अशी. दगड पूर्ववत बसवा. हाताने फिरवत पेन्सिलीच्या सगळ्यात जवळ येणाऱ्या जागी खडूने खूण करा. शाफ्टच्या टोकावर त्याच दिशेला दुसरी खूण करा. आता नट ढिला करून फक्त दगड अर्धा फेरा फिरवा, आतला फ्लँज जागचा हलू देऊ नका, आणि नट परत आवळा. पुन्हा फिरवून बघा. जवळ येणारी जागा अजून शाफ्टच्या खुणेजवळच असेल तर दोष बैठकीचा. ती जागा दगडावरच्या खुणेबरोबर फिरून गेली असेल तर दोष दगडाचा. मला ही चाचणी एका म्हाताऱ्या टर्नरने दाखवली. आधी मी फ्लँज आणि दगड दोन्ही एकदम फिरवत होतो. दोन गोष्टी एकदम बदलल्यावर कशाने काय झालं हे ब्रह्मदेवालाही कळत नाही.

दोष बैठकीचा निघाला की पहिलं काम सफाईचं. खांदा केरोसीनने पुसा आणि नखाने चाचपा. बर लागला तर बारीक कानशीने तेवढाच उतरवा, खांदा घासून "सपाट" करायला जाऊ नका. हाताने खांदा सपाट होत नाही, तिरका मात्र हमखास होतो. फ्लँजच्या भोकाची कडही बघा, बर तिथेही लपतो. फ्लँजची दगडाकडची कडी काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर आठच्या आकड्यासारखी फिरवा, सगळीकडे सारखी चमक येईपर्यंत.

एवढ्यावर निम्मी मशीनं सरळ होतात. उरलेल्यांसाठी दुसरी पायरी: खांदाही थोडा तिरका, फ्लँजही थोडा तिरका, तर दोघांना एकमेकांविरुद्ध बसवायचं. फ्लँज शाफ्टवर पाव फेरा फिरवा, दगड लावा, आवळा, मोजा. असे चारही पाव फेरे बघा. एका जागी दोघांचा तिरकेपणा एकमेकांना मारतो आणि डुगडुग एकदम कमी होते. तिथे फ्लँजवर आणि शाफ्टवर पंचने ठिपका मारून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून.

तरीही उरलं तर शिम, म्हणजे एका बाजूची फट भरणारा पातळ तुकडा. इथे ठाम सांगतो: शिम फक्त खांदा आणि फ्लँज यांच्यामध्ये. फ्लँज आणि दगड यांच्यामध्ये कागदाचा अर्धा तुकडा कधीही घालायचा नाही. दगड ठिसूळ असतो, एका बाजूने दाब आला की आतून तडकतो, आणि ती तडक मशीन चालू केल्यावरच बोलते. 2850 आरपीएमवर 150 मिमी दगडाची कड ताशी 80 किलोमीटरने पळत असते. शिमला वहीचा कागदही जाड पडतो. 0.1 मिमीचा कागद खांद्याच्या एका कडेला घातला तर दगड पाऊण मिलिमीटर उलट्या बाजूला झुकतो. मी स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल वापरतो. एकेक पदर घालून बघायचं.

पण शिम म्हणजे हंगामापुरती सोय. कायमचा उपाय लेथवर फ्लँज करून घेणे. टर्नरला तीन गोष्टी सांगा: भोक शाफ्टवर हाताने सरकेल इतकंच घट्ट, भोक आणि तोंड एकाच पकडीत, आणि मध्ये खोलगट. "एकाच पकडीत" हे दोनदा सांगा. जॉब चकमधून (लेथच्या पकडीतून) काढून उलटा पकडला की पत्र्याच्या फ्लँजसारखाच तिरका फ्लँज मिळतो, फक्त जास्त पैशांत. व्यास दगडाच्या निदान एक तृतीयांश हवा, म्हणजे 150 ला 50 मिमी. आतला आणि बाहेरचा फ्लँज एकाच व्यासाचे. बाहेरच्या फ्लँजऐवजी मोठा वॉशर घालणाऱ्यांना नमस्कार, माझं मशीन त्यांना देणार नाही.

बुश

आपल्याकडे मिळणाऱ्या सहा इंची दगडांचं भोक बऱ्याचदा 31.75 मिमी, आणि माझा शाफ्ट 12.7. मधली जागा भरायला दगडाबरोबर प्लॅस्टिकच्या कड्या येतात, एकात एक बसणाऱ्या. प्रत्येक कडीला थोडा प्ले, आणि सगळा मिळून दगड मध्यापासून सरकतो. गोलाई "जाते" ती बहुतेक इथे. लेथवर नायलॉनचा एकसंध बुश करून घ्या, दगडाच्या जाडीपेक्षा एखाद मिलिमीटर आखूड. बुश दगडाबाहेर आला तर फ्लँज बुशलाच टेकतो आणि दगड आत मोकळा राहतो. दगड बुशवर हाताने सरकला पाहिजे, ठोकून बसवायची वेळ आली तर बुश जाड आहे.

दगड परत चढवणे

आधी ठणका ऐका. कोरडा दगड भोकात बोट घालून टांगा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेपासून इंच-दोन इंच आत, उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना तिरकं टिचकवा. खणखणीत आवाज आला तर ठीक. फुटक्या माठासारखा बद्द आवाज आला तर दगड भंगारात, मग तो काल आणलेला का असेना. दगडावर छापलेला आरपीएम मशीनच्या पट्टीवरच्या आकड्यापेक्षा जास्त असला पाहिजे.

दोन्ही बाजूंना कागदाच्या चकत्या हव्यातच. दगडाची खरखरीत बाजू आणि लोखंड यांच्यातला दाब त्या सारखा वाटतात. फाटल्या असतील तर जाड ड्रॉइंग पेपरच्या कापा, फ्लँजपेक्षा थोड्या मोठ्या, पूर्ण गोल. नट पान्याने हाताच्या जोरावर आवळा, पान्याला पाइप घालायचा नाही. आटे असे दिलेले असतात की चालताना नट आवळलाच जातो. जास्त आवळून पत्र्याचा फ्लँज बशीसारखा वाकतो, आणि ज्यासाठी एवढं केलं ती डुगडुग परत येते.

गार्ड लावा, गॉगल घाला, दगडाच्या रेषेतून बाजूला उभे राहून चालू करा आणि मिनिटभर तसाच चालू द्या.

आता ड्रेसर उचला. दगडाच्या तोंडावर पेन्सिलीने आडव्या रेघा मारा, स्टार ड्रेसरचा हूक टूल रेस्टच्या पुढच्या कडेत अडकवा, हलका दाब देत डावी-उजवीकडे फिरवा. रेघा सगळ्या पुसल्या गेल्या की थांबा. मास्क लावाच, ही धूळ छातीत राहते. बैठक सरळ असेल तर दोन-तीन फेऱ्यांत काम होतं, तासभर लागत असेल तर मागे जाऊन बुश बघा. बाजूचा अर्धा मिलिमीटर उरला असेल तर राहू द्या, कोयत्याला आणि पटाशीला तो कळत नाही.

दगड ड्रेस केल्यावर मागे सरकलेला असतो. टूल रेस्ट परत जवळ आणा, फट 3 मिमीच्या वर नको. गार्डच्या वरच्या तोंडाशी सरकती पट्टी (जीभ) असेल तर तिथे 6 मिमी. आठवड्याभराने नट एकदा पान्याने बघा, नव्या कागदी चकत्या दबून थोड्या बसतात.