जुन्या चेन लोडरचा गिअर दणका देतो तेव्हा: व्हॉल्व्ह खोलण्याआधीची तयारी

कॅटरपिलरच्या ९५५एल, ९७७एल या पुढे इंजिन असलेल्या जुन्या चेन लोडरमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून पुढे देणारा) आणि प्लॅनेटरी पॉवरशिफ्ट ट्रान्समिशन असतं, म्हणजे तेलाच्या प्रेशरने आतले क्लच पकडून गिअर बदलणारं. पुढं-मागं करताना मशीन दणका देऊ लागली की "बॉक्स गेला" म्हणून अख्खं ट्रान्समिशन खाली उतरवायची घाई होते. ती करू नका. दोष पुष्कळदा क्लचमध्ये नसून कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये असतो, आणि काहीही न खोलता तो प्रेशर गेजवर दिसतो. म्हणून इथली सगळी तयारी आधी मोजायची आणि मग खोलायची, या क्रमाने आहे. नंतरच्या ९५३, ९६३ या मशीन हायड्रोस्टॅटिक आहेत, त्यांना यातलं काही लागू नाही.

पहिलं काम वही-पेन घेऊन ऑपरेटरशेजारी उभं राहण्याचं. दणका कधी बसतो ते नीट लिहून घ्या. लिव्हर टाकल्याबरोबर बसतो, की एक-दोन सेकंद काहीच होत नाही आणि मग बसतो? हे दोन वेगळे आजार आहेत. लगेच बसणारा दणका म्हणजे प्रेशर एकदम चढतंय. उशिरा बसणारा म्हणजे क्लच भरायला वेळ लागतोय. तेवढ्यात ऑपरेटर रेस वाढवतो आणि चढलेल्या इंजिनवर क्लच पकडतो. उशिराच्या दणक्यात तेल कमी असणं, सक्शनला हवा ओढली जाणं, जाळी तुंबणं किंवा क्लचचं सील गळणं हे आधी बघायचं. मग दुसरा प्रश्न: सगळ्या गिअरमध्ये दणका आहे की एकाच? सगळीकडे असेल तर सर्वांना सामाईक असलेला रिलीफ (प्रेशर मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह) आणि लोड पिस्टन (प्रेशर हळूहळू चढवणारा). फक्त रिव्हर्सला किंवा फक्त दुसऱ्याला असेल तर त्या एका क्लचचा मार्ग. ऑपरेटर डिसेलरेटर, म्हणजे रेस कमी करणारं पेडल, न दाबता पूर्ण रेसवर दिशा बदलतो का, हेही याच वेळी बघून घ्या. आयडल स्पीड वाढवून ठेवलेला असेल तर तो मॅन्युअलप्रमाणे खाली आणा.

तेल तपासायचं ते गरम असताना, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पद्धतीने. थंड तेलावर काढलेला कुठलाच निष्कर्ष धरू नका. ८० अंश सेल्सियसच्या आसपास आल्याशिवाय गेजकडे बघण्यात अर्थ नाही. पावसाळाभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या मशीनचं तेल दुधाळ दिसलं तर ब्रीदर (हवा ये-जा करण्याचं झाकण) आणि कूलर दोन्ही तपासायला हवेत, नुसतं तेल बदलून भागणार नाही. भरायला टीओ-४ (कॅटरपिलरचं ट्रान्समिशन तेलाचं मानक) दर्जाचं एसएई ३० आणा. मल्टिग्रेड इंजिन ऑइल इथे चालत नाही, क्लचच्या पकडीवर परिणाम होतो. मॅन्युअलमधल्या भरतीपेक्षा दहा लिटर जास्त आणून ठेवा, कारण कूलर आणि नळ्या धुताना तेल जातं. फिल्टर दोन घ्या; दुसरा का, ते शेवटी येईल.

खोलण्याआधी यांत्रिक ढिलाईही वगळायला हवी. इंजिन बंद, बकेट जमिनीवर, चेनला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. मग पहार लावून युनिव्हर्सल जॉइंट हलवा, इंजिनचे माउंट बघा, चेनचा ताण आणि स्प्रॉकेटची झीज बघा. जॉइंटमध्ये खेळ असेल तर प्रेशर अगदी बरोबर असूनही खणकन आवाज येतो, आणि तो व्हॉल्व्ह धुऊन जाणार नाही. लिव्हरची लिंकेजही तपासा. लिव्हर खाचेत बसला तरी खाली स्पूल (व्हॉल्व्हमधली सरकणारी दांडी) अर्ध्यातच राहत असेल, तर आत काय चाललंय याला अर्थ उरत नाही.

आता गेज. ट्रान्समिशनचं पूर्ण प्रेशर मोजतील असे निदान दोन, त्यांना ऑपरेटरच्या सीटपर्यंत पोचतील एवढ्या लांब नळ्या, आणि टेस्ट पोर्टला बसतील असे निपल. पी१ हे स्पीड क्लचचं प्रेशर, पी२ दिशेच्या क्लचचं. या घराण्याच्या ट्रान्समिशनमध्ये पी१ हे पी२ पेक्षा साधारण ५५ पीएसआयने जास्त राहतं, आणि हा फरक कायम टिकायला हवा. तो नाहीसा झाला तर हा फरक राखणारा डिफरन्शियल व्हॉल्व्ह अडकलाय: स्पीड क्लच भरण्याआधीच दिशेचा क्लच पकडतो आणि दणका बसतो. चाचणीच्या वेळी ब्रेक पक्के लॉक करा, मशीन मोकळ्या जागेत ठेवा, पुढे-मागे कुणी उभं राहायचं नाही, सीटवर एकच अनुभवी माणूस. गिअर टाकतानाचा काट्याचा व्हिडिओ मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घ्या. चांगल्या मशीनचा काटा खाली येतो आणि ओढल्यासारखा चढतो. बिघडलेल्या मशीनचा उडी मारतो. डोळ्यांना ही उडी सापडत नाही, व्हिडिओत सापडते.

काटा असा ओढल्यासारखा चढतो तो लोड पिस्टनमुळे. गिअर टाकल्यावर क्लच भरेपर्यंत प्रेशर खाली असतं. क्लच भरला की रिलीफच्या स्प्रिंगमागे बसलेल्या लोड पिस्टनकडे एका बारीक छिद्रातून, म्हणजे ओरिफिसमधून, तेल जातं. पिस्टन हळूहळू सरकून स्प्रिंग दाबतो आणि प्रेशर चढत जातं. पुढचा गिअर टाकला की पिस्टनमागचं तेल निघून जाऊन तो मूळ जागी यायला हवा. तो दाबलेल्या बाजूला अडकला, तेल निघायची वाट बंद झाली किंवा ओरिफिस मोठं झालं अथवा बसवायचंच राहिलं, की पूर्ण प्रेशर एकदम मिळतं. ओरिफिस तुंबलं तर उलट होतं: प्रेशर चढत नाही, क्लच घसरतो आणि जळतो. मग कुणीतरी घसरणं थांबवायला स्प्रिंगखाली शिम (पातळ चकत्या) वाढवतो, सुरुवातीचं प्रेशर वर जातं आणि दणका सुरू होतो. म्हणून आधी किती शिम होत्या हे मोजून लिहिल्याशिवाय एकही शिम काढू नका.

ज्या दिवशी खोलायचं, त्याच्या आदल्या दिवशी मशीन प्रेशरने धुऊन पूर्ण वाळवा. ऑपरेटरच्या पायाखालचा पत्रा काढला की वाळू थेट आत पडते, म्हणून धुणं टाळू नका. टेबलावर पांढरं, धागे न सुटणारं कापड पसरा. कॉटन वेस्ट जवळही नको. झाकणाच्या डब्या घ्या आणि प्रत्येक स्पूल, त्याची स्प्रिंग, त्याच्या शिम एकाच डबीत ठेवा. दोन स्प्रिंग सारख्या दिसतात आणि अदलाबदल झाली की तोच दणका दुसऱ्या गिअरमध्ये निघतो. स्प्रिंगची मोकळी लांबी मोजायला व्हर्निअर, बोल्टला टॉर्क रेंच, धुवायला स्वच्छ डिझेल, वाळवायला कोरडी हवा. ओरिफिसमध्ये तार घालू नका, ड्रिल तर नाहीच. हवा आणि नायलॉनचा बारीक केस पुरतो. स्पूलवर ओरखडा असेल तर ६०० किंवा त्याहून बारीक वॉटर पेपर तेलात भिजवून नुसता हलका हात. स्पूलच्या कडा धारदार राहायला हव्यात, गोल झाल्या की तेल गळतं. तेल लावलेला स्पूल उभ्या भोकात स्वतःच्या वजनाने खाली सरकला तरच तो ठीक.

नवे ओ-रिंग आणि गॅस्केट मूळ आकाराचेच आणा, हाताने कापलेले नकोत. एक मार्ग झाकला गेला तरी सगळी मेहनत वाया. सिलिकॉन तर अजिबात नको, त्याची एक तार सुटली की नेमकी ओरिफिसमध्ये जाऊन बसते. चुंबकी जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये धुवा आणि तळाशी काय उरतं ते बोटांनी चोळून बघा. तंतूंचा जाड गाळ म्हणजे क्लचच्या डिस्क झिजल्या, ॲल्युमिनियम म्हणजे कन्व्हर्टर, चमकते पोलादी कण म्हणजे पंप, रबर म्हणजे सील किंवा नळी. यातलं काही मूठभर निघालं तर व्हॉल्व्हचं काम तिथेच थांबवा. तेव्हा मात्र ज्याचे कण निघाले तो भाग खोलावाच लागतो, नुसता व्हॉल्व्ह सुधारून मशीन कामाला लावली तर आठवड्याभरात तीच घाण पुन्हा त्याच छिद्रांत बसते.

बसवल्यावर तेल गरम करून पुन्हा तेच गेज, तोच व्हिडिओ, पहिल्याशेजारी ठेवून बघा. स्टॉल चाचणी (ब्रेक लावून, गिअरमध्ये पूर्ण रेस देणं) ३० सेकंदांपेक्षा जास्त ओढू नका, कन्व्हर्टरचं तेल १२० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका. ५० तास चालल्यावर पहिला फिल्टर काढून दुसरा बसवायचा. धुतलेल्या नळ्यांतली उरलेली घाण तोवर पहिल्यात जमा झालेली असते. काढलेला फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून बघा.