अमेरिकेत घराच्या अप्रेझलमध्ये पोहण्याच्या तलावाची किंमत कशी धरतात

अमेरिकेत कर्जासाठी घराचे अप्रेझल, म्हणजे बाजारभावाने मूल्यांकन, होते तेव्हा मागच्या अंगणातील पोहण्याच्या तलावाची किंमत त्याच्या बांधकाम खर्चावरून ठरत नाही. त्या परिसरातील खरेदीदार तलाव असलेल्या घरासाठी प्रत्यक्षात किती जादा मोजतात, यावरून ती ठरते. त्यामुळे घरमालकाने आधी आसपासच्या विक्रीचे व्यवहार पाहावेत, बिले नंतर.

अप्रेझर, म्हणजे हे मूल्यांकन करणारा तज्ज्ञ, अलीकडे विकली गेलेली, सहसा किमान तीन मिळतीजुळती घरे निवडतो आणि आपल्या घराशी असलेल्या फरकांनुसार त्यांच्या किमतीत वाढ-घट करतो. समजा, फीनिक्सच्या एका उपनगरात सारख्याच आकाराची व स्थितीची दोन घरे पाठोपाठ विकली गेली, तलाव असलेले ५,३५,००० डॉलरला आणि नसलेले ५,१०,००० डॉलरला. तलावावर ८०,००० डॉलर खर्च झालेले असले, तरी बाजाराने त्याचे २५,००० डॉलरच दिले, आणि आपल्या घरी तलाव असेल तर तलाव नसलेल्या घराच्या किमतीत साधारण तेवढीच रक्कम मिळवून तुलना होईल. अर्थात एकाच जोडीवर विसंबणे धोक्याचे असते. अशा आणखी जोड्या मिळाल्या तरच आकडा भक्कम होतो. मिनेसोटासारख्या थंड राज्यात तलाव वर्षातील थोडेच महिने वापरता येतो आणि देखभाल मात्र कायमची असते, त्यामुळे तेथे हा फरक फारच कमी, क्वचित शून्यही निघतो. जमिनीवर उभा केलेला, उचलून नेता येणारा तलाव तर बहुधा घराचा भाग मानलाच जात नाही.

भेटीच्या दिवशी बांधकामाचे परमिट, पंप किंवा आतील प्लास्टर बदलल्याची तारीखवार बिले आणि आपल्याला माहीत असलेल्या विक्रींची यादी अप्रेझरच्या हाती द्यावी. माहिती देण्यास हरकत नसते. अमुक किंमत लावा असा आग्रह मात्र कधीही धरू नये.

एफएचए कर्ज, म्हणजे अमेरिकी सरकारच्या गृहनिर्माण विभागातील फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने विमा दिलेले गृहकर्ज, असेल तर तलावाच्या स्थितीकडे विशेष लक्ष द्यावे. पाणी केवळ शेवाळाने हिरवे झाले असेल, तर तेवढ्यावरून सफाईची अट घातली जात नाही, तरीही ते आधीच स्वच्छ करून पंप चालू ठेवणे शहाणपणाचे, कारण पूर्ण किंमत चालू तलावालाच मिळते. भिंती खचल्या असतील, तर दुरुस्ती करण्याची किंवा तलाव कायमचा बुजवण्याची अट येते. हिवाळ्यासाठी झाकलेला तलाव नेहमीच्या खर्चात पुन्हा चालू होईल असे गृहीत धरून अहवाल लिहिला जातो.

अहवालाची प्रत मागून घ्यावी आणि तलावापुढे कोणता आकडा लावला आहे, तुलनेतील किती घरांना तलाव होता, हे तपासावे. तलाव नजरेतून सुटला असेल किंवा अधिक जवळची विक्री वगळली गेली असेल, तर कर्ज देणाऱ्या संस्थेमार्फत फेरविचाराची लेखी मागणी करता येते; तिला जास्तीत जास्त पाच पर्यायी विक्री जोडाव्यात आणि त्यातील प्रत्येक विक्री अधिक योग्य का, ते एका वाक्यात लिहावे.