अर्ध्या दिवसाची गळाची फेरी: होडीत चढण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

मालवण, देवबाग, वेंगुर्ला या पट्ट्यात पहाटे निघून अकरापर्यंत परतणारी गळाची फेरी म्हणजे हातात साधारण पाच तास. जाण्यायेण्याचा वेळ आणि दोन-तीन वेळा जागा बदलण्याचा वेळ वजा केला, तर गळ पाण्यात राहतो जेमतेम तीन तास. त्यातला पाऊण तास नवखी मंडळी डुलत्या होडीत गाठी मारण्यात घालवतात आणि मासा लागला नाही की खापर भरतीवर, वाऱ्यावर नाहीतर तांडेलावर (होडीच्या चालकावर) फोडतात. तांडेलाने जागा बरोबर दाखवलेली असते. दोष बहुतेकदा आदल्या रात्रीचा असतो.

ब्रेड थेट स्पूलवर गुंडाळणे

ही चूक पहिली, कारण ती पकडीत आलेला मोठा मासा घालवते आणि माणसाला वाटतं रील बिघडलं.

नेहमी दिसणारा प्रकार असा. नवा रॉड, नवं रील, ३० पौंड ताण सोसणारी चकचकीत ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी. सात-आठ वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पाण्यात, खडपाच्या म्हणजे बुडालेल्या खडकाच्या कडेला गळ सोडलेला. गोब्रा मासा आमिष घेतो आणि आपल्या बिळाकडे वळतो. रॉड वाकतो, माणूस हँडल फिरवतो, पण दोरी काही आत येत नाही. तो ड्रॅग, म्हणजे दोरी किती ताणाला सुटावी हे ठरवणारा रीलचा ब्रेक, घट्ट करतो. तरी येत नाही. अजून घट्ट करतो, पार शेवटपर्यंत. दोरी आरामात बाहेर चाललेली, ड्रॅगचा टकटक आवाज मात्र नाही. वीस सेकंदांत मासा खडपात शिरतो आणि विषय संपतो. मग रील देणाऱ्या दुकानदाराचा उद्धार सुरू होतो.

रीलला काहीही झालेलं नसतं. ब्रेड गुळगुळीत असते आणि ताणली जात नाही, त्यामुळे तासलेल्या धातूच्या स्पूलवर (रीलच्या दोरी गुंडाळायच्या चकरीवर) ती पकड घेत नाही. ताण आला की दोरीचा सगळा गठ्ठाच्या गठ्ठा स्पूलभोवती फिरतो. खात्री घरीच करता येते: ड्रॅग पूर्ण आवळा आणि दोरी हाताने जोरात ओढा. स्पूल स्थिर असताना दोरी बाहेर येत असेल, तर गठ्ठा सरकतोय. अशा वेळी ड्रॅगची चावी कितीही पिळली तरी उपयोग शून्य.

उपाय दहा मिनिटांचा आहे. स्पूलवर आधी चार-पाच वाव साधं तंगूस (एकसंध नायलॉनची दोरी) घट्ट गुंडाळा आणि त्याला दुहेरी युनी गाठीने ब्रेड जोडा. तंगूस नसेल तर विजेच्या कामाची चिकटपट्टी एक वेढा. त्यावर ब्रेड भरताना ती ओल्या फडक्यात चिमटीत धरून ताणातच भरा. सैल भरलेली ब्रेड मासा ओढायला लागला की खालच्या थरांत रुतते आणि ऐन वेळी अडकून तुटते. स्पूलच्या काठापासून दोन मिलिमीटर जागा मोकळी ठेवा. काठोकाठ भरली तर पहिल्याच फेकीत गुंता होतो. अशा फेरीला १५० मीटर ब्रेड भरपूर झाली. ३०० मीटरचं रीळ विकत घेतलंच असेल, तर उरलेली दुसऱ्या रीलला भरा.

भर समुद्रात हे लक्षात आलं तर जाड हातमोजा घालून दोरी हाताने ओढून घ्या आणि त्या दिवसापुरती आपल्याकडची दुसरी काठी वापरा. उघड्या हाताला ब्रेडचे वेढे घेऊ नका, ती सुरीसारखी कापते.

ड्रॅग अंदाजाने लावणे

दोरीच्या ताकदीचा चौथा हिस्सा, फार तर तिसरा, यापुढे जाऊ नका. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो. ड्रॅग साडेतीन ते चार किलोवर. प्रवासाच्या बॅगा तोलायचा लटकता काटा असतो ना, तो दोरीच्या टोकाला अडकवा, रॉड ४५ अंशांत धरा आणि दुसऱ्याला काटा ओढायला सांगा. स्पूल फिरायला लागलं की काट्यावरचा आकडा वाचा. एकदा लावला की मासा लागल्यावर चावीला हात नाही. जास्त रोध हवा असेल तर स्पूलच्या कडेवर तळहात टेकवा. ‘बोटाने ओढून बघितलं, ठीक वाटलं’ ही पद्धत नव्हे.

शिसं सगळ्यात मजबूत दोरीला बांधणे

किनाऱ्याजवळच्या फेरीत मासे असतात ते खडपाजवळ, आणि खडप शिसं, म्हणजे गळ तळाला नेणारं वजन, खातं. याला इलाज नाही. शिशाबरोबर काय काय जाईल, एवढंच आपल्या हातात असतं. बाजारात तयार मिळणाऱ्या जोडण्यांत सगळे भाग एकाच दोरीचे असतात, त्यामुळे शिसं अडकलं की दोन गळ, स्विव्हल (फिरती कडी), लीडर (ब्रेडच्या टोकाचा तंगुसाचा तुकडा) आणि वर दहा-वीस मीटर ब्रेड असा सगळा ऐवज तळाशी. मग बारीक स्वरात विचारणा होते, ‘दादा, तुमच्याकडे एखादा सेट जास्तीचा आहे का?’

तळाच्या मासेमारीची दोन गळांची जोडणी घरी अशी बांधा. ५० पौंडाचं तंगूस सव्वादोन मीटर कापा. वरच्या टोकाला स्विव्हल. त्याखाली ३० सेंटीमीटरवर पहिला फास, म्हणजे ड्रॉपर लूप. त्याच्या खाली ४५ सेंटीमीटरवर दुसरा. दोन्ही फासांची लांबी २० सेंटीमीटर. हे आकडे उगाच नाहीत: दोन फास मिळून ४० होतात, मधलं अंतर ४५ आहे, म्हणून गळ एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. फास लांब ठेवले की खाली जाता जाताच त्यांची वेणी होते आणि तासभर आमिष गुंत्यातच राहतं. दुसऱ्या फासाखाली २५ सेंटीमीटरवर छोटा गोल फास, आणि शिसं त्याला २० पौंडाच्या तंगुसाने, वीतभर अंतर ठेवून बांधा.

या शेवटच्या वीतभर पातळ तंगुसावर सगळा खेळ आहे. मुख्य दोरी ३०, जोडणी ५०, शिशाची दोरी २०. अडकलं तर तुटतं तिथेच, वरचे गळ परत येतात, मासा असेल तर तोही. अडकलेली दोरी तोडताना रॉडने झटके देऊ नका, रॉड मोडतो. रॉड सरळ दोरीच्या रेषेत धरा, ब्रेड लाकडी दांड्याला चार वेढे मारून घ्या आणि होडीच्या हेलकाव्याला ओढू द्या.

गळ फासाला गाठ न मारता अडकवा: फास दुमडून गळाच्या डोळ्यातून काढा आणि गळावरून ओढून घ्या. बोथट झालेला गळ अर्ध्या मिनिटात बदलता येतो. राणी मासा आणि तत्सम लहान माशांसाठी १/० आकाराचा गळ पुरे, गोब्रा-तांबोशीसाठी ४/० ते ५/०.

शिशाचं वजन उधाण (मोठी भरती-ओहोटी) की भांग (छोटी) यावर ठरतं. सात-आठ वाव पाण्यात भांगाला ८० ग्रॅम चालतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तेच पाणी १५० ग्रॅमलाही हलवतं. दोन्ही वजनं घ्या, माणशी किमान सहा नग. खडपावर गोल किंवा लांबट गुळगुळीत शिसं, वाळूवर पिरॅमिड. खात्रीने अडकणाऱ्या जागी शिशाऐवजी जुने नट-बोल्ट बांधा, काही बिघडत नाही. आणि एका होडीतल्या सगळ्यांनी एकाच वजनाचं शिसं वापरायचं. एकाचं ६० आणि शेजाऱ्याचं १५० असेल तर प्रवाहात दोऱ्या एकमेकींवर जाणारच, आणि तो गुंता सोडवणारा खलाशी काय बोलतो ते इथे छापण्यासारखं नसतं.

कोरडी गाठ

ब्रेड आणि लीडरची गाठ हा दुसरा कमजोर भाग. एफजी गाठ उत्तम, पण ती होडीत शिकायची गोष्ट नाही. येत नसेल तर दुहेरी युनी मारा: ब्रेडच्या बाजूने आठ वेढे, तंगुसाच्या बाजूने चार-पाच. आवळण्याआधी थुंकीने किंवा पाण्याने ओली करा. कोरडं तंगूस आवळताना घर्षणाने तापतं आणि तिथेच कमजोर होतं. गाठीशेजारी पांढरट, कुरळा भाग दिसला की ती गाठ कापून टाका. ‘चालेल, एकच तर फेरी आहे’ म्हणणारेच परतताना सगळ्यात मोठ्या माशाचं वर्णन करत असतात. गाठ तयार झाली की दाराच्या कडीला अडकवून काट्याने चार-पाच किलो ताण द्या. सुटायची असेल तर घरीच सुटू दे.

सगळीकडे तार

सुरमईच्या दातांपुढे तंगूस टिकत नाही, तिला तार हवीच. पण म्हणून तळाच्या जोडणीलाही तार लावणं हा आळस आहे. तांबोशीसारखा सावध मासा दिवसाउजेडी, स्वच्छ पाण्यात तार बघून आमिषाला शिवत नाही. तिथे ५० पौंडाचं तंगूस आणि दर माशानंतर त्यावरून नख फिरवून बघणं. खरखरीत लागलं की तेवढा भाग कापा.

सुरमईसाठी ०.४० ते ०.४५ मिलिमीटरची एकेरी पोलादी तार, ३० ते ४० सेंटीमीटर. साधी लपेटलेली तार ताणाखाली सुटते, म्हणून आधी दोन्ही पदर एकमेकांवर चढवत चार-पाच पीळ, मग एका पदराचे जवळजवळ पाच-सहा वेढे. उरलेलं टोक पक्कडीने कापू नका, तिथे काटा राहतो आणि मासा काढताना तो बोट फाडतो. टोक हँडलसारखं वाकवून मागेपुढे फिरवा, ते वेढ्यालगत स्वच्छ तुटतं. तारेला एकदा मोड बसला की सरळ करत बसू नका, फेकून द्या. कृत्रिम मासोळी ओढणार असाल तर तार अजून आखूड ठेवा, नाहीतर तिची चाल बिघडते.

आमिषाचा गोळा करणे

बांगड्याची पट्टी कातडीसकट आठ-दहा सेंटीमीटर लांब, दोन सेंटीमीटर रुंद, एका टोकाला निमुळती कापा. गळ कातडीच्या बाजूने टोकाजवळ एकदाच आरपार. तीन-चार वेळा ओवून गोळा केला की पट्टी पाण्यात फिरते, फास पिळला जातो आणि गळाचं टोक आमिषातच लपतं. सर्कल गळाला (आत वळलेल्या टोकाच्या गोल गळाला) तर टोक आणि मधली फट उघडी असायलाच हवी. आदल्या रात्री अर्ध्या किलो पट्ट्यांना मूठभर जाडं मीठ लावून फ्रीजमध्ये ठेवल्या की मांस घट्ट होतं आणि लहान मासे ते सहज ओरबाडत नाहीत. माकूल (स्क्विड) सगळ्यात टिकाऊ. कोळंबी सगळ्यांना आवडते, लहान माशांनाही, म्हणून ती लवचिक दोऱ्याने बांधा. दोघांना एक किलो आमिष पुरतं. गोठलेलं आमिष गोड्या पाण्यात बुडवून वितळवू नका, पिळपिळीत होतं.

सर्कल गळाला झटका

देऊ नका. दोरी जड झाली की सलग, संथ गुंडाळा, गळ आपणच जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका दिला की तो तोंडातून सरळ बाहेर येतो. सिनेमातला झटका द्यायचाच असेल तर साधा ‘जे’ (J आकाराचा) गळ लावा.

थोडक्यात आटपण्यासारख्या

गळाचं टोक अंगठ्याच्या नखावरून हलकेच ओढा. घसरलं तर बोथट, रुतलं तर ठीक.

रॉडच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. कुठे तंतू अडकला की तिथे तडा आहे, आणि तो तडा ब्रेड कापणार.

रॉडच्या सांध्याला मेणबत्तीचं मेण चोळा, अडकत नाही आणि निसटतही नाही.

मोठं स्विव्हल टोकाच्या कडीत ओढून आदळू नका, कडीतली चिनी मातीची रिंग निखळते.

ब्रेडसाठी वेगळी धारदार कात्री ठेवा. नेलकटर तंगूस कापतं, ब्रेड चावतं.

जोडण्या एकत्र पिशवीत कोंबू नका. फोमच्या नळीवर गुंडाळून गळ त्यातच टोचून ठेवा. प्रत्येक रॉडमागे तळाच्या सहा, तारेच्या दोन आणि बांगडा-पेडव्यांसाठी एक सबिकी, म्हणजे बारीक गळांची माळ. सबिकी होडी चालू असताना उलगडू नका.

लांब चोचीची पक्कड खिशात हवी, पेटीच्या तळाशी नव्हे. शेंगाळा माशाच्या पाठीवरचा आणि बाजूच्या परांचा काटा विषारी असतो. तो टोचला तर सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि डॉक्टरकडे जा. पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) लागला तर गळ काढायच्या भानगडीत न पडता दोरी कापा.

मालवणच्या सागरी अभयारण्याची हद्द तांडेलाला विचारून घ्या. १९८७ पासून ते संरक्षित आहे, आणि गाभा क्षेत्रात गळ टाकायचा नसतो.

परत आल्यावर

दमलोय म्हणून रील तसंच कोपऱ्यात टाकणारे पुढच्या फेरीला ‘हँडल जाम आहे’ म्हणत येतात. धुण्याआधी ड्रॅग आवळा, म्हणजे पाणी आतल्या चकत्यांत शिरत नाही. नळाची जोरदार धार मारू नका, ती मीठ आत ढकलते. झारीच्या पाण्यासारखी हलकी धार दोन मिनिटं पुरे. वापरलेले गळ आणि स्विव्हल गोड्या पाण्यात बुडवून पूर्ण वाळवा. ओला गळ पेटीत टाकला तर आठवडाभरात शेजारच्या कोऱ्या गळांनाही गंज चढतो. रील सावलीत सुकलं की ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. आवळलेला राहिला तर चकत्या दबून बसतात आणि पुढच्या वेळी दोरी गचके देत सुटते.