उन्हाळी लागली म्हणून गप्प बसू नका: प्रोस्टेटच्या त्रासात या चुका टाळा

एप्रिल लागला की आमच्या औषधाच्या दुकानात रोज एक-दोन तरी काकाजी येतात. दुकानात कोणी बाई नाही ना हे आधी पाहतात आणि मग काउंटरवर वाकून हळूच म्हणतात, "भाऊ, उन्हाळी लागली. लघवी मोकळी होईल असं काही द्या नं." नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, त्यामुळे उन्हाळी लागणं काही खोटं नाही. पाणी कमी पडलं की लघवी पिवळीधम्मक होते, जळजळते, आणि धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक घेतलं की दोन दिवसांत बरं वाटतं. पण मी आता प्रत्येकाला उलट विचारतो, "काकाजी, जळजळ आहे की धार बारीक झाली?" तेव्हा ते थोडं थांबतात. मग एकेक बाहेर येतं. धार बारीक होऊन दोन वर्षं झाली. सुरू व्हायलाच वेळ लागतो. रात्रीतून चारदा उठावं लागतं. बाहेर आल्यावर पायजम्यावर थेंब पडतात.

ही उन्हाळी नाही. उन्हाळी पावसाळ्यात टिकत नाही, आणि हा त्रास तर डिसेंबरात वाढतो.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती असलेली आवळ्याएवढी ग्रंथी. तरुणपणी तिचं वजन साधारण २० ग्रॅम असतं. वयाबरोबर ती वाढते. साठीपर्यंत निम्म्या पुरुषांत ही वाढ सुरू झालेली असते, ऐंशीच्या पुढे बहुतेकांत. नळी तिच्या मधून जाते, म्हणून ग्रंथी वाढली की नळी दाबली जाते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. हे वाक्य मी दिवसातून कितीदा तरी बोलतो, कारण या एका भीतीपोटीच लोक डॉक्टरांकडे जात नाहीत.

"वय झालं, चालायचंच"

केस पिकणं वयाचं आहे, मान्य. पण मूत्राशय रोज अर्धं भरलेलं राहणं चालवून घेण्यासारखं नाही. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे होतात, मूत्राशयाचा स्नायू जोर लावून लावून थकतो, आणि दाब वर किडनीपर्यंत पोचतो. उशिरा आलेल्या माणसाचं ऑपरेशन चांगलं होऊनही कधी कधी धार सुधारत नाही, कारण तोवर मूत्राशयातलाच दम गेलेला असतो.

दुसऱ्या टोकाची चूकही होते. सोनोग्राफीत "प्रोस्टेट ४५ ग्रॅम" लिहून आलं की घरचे घाबरतात. आकार आणि त्रास यांचं गणित जुळतंच असं नाही. कुणाची ३० ग्रॅमची ग्रंथी लघवी अडवते, कुणाची ८० ग्रॅमची काही बोलत नाही. डॉक्टर आकड्यापेक्षा तीन गोष्टी जास्त पाहतात: लघवी झाल्यावर आत किती उरते, धारेचा वेग, आणि त्रासाबद्दलच्या सात प्रश्नांवरून काढलेले गुण. हे गुण ० ते ३५ असतात. ७ पर्यंत त्रास सौम्य, २० पासून पुढे तीव्र. सौम्य असेल तर बरेचदा गोळीसुद्धा लागत नाही. संध्याकाळनंतरचा चहा बंद करायचा, झोपण्याआधीचं पाणी कमी करायचं, एकदा जाऊन आल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, आणि दर वर्षी तपासायचं.

पाणी कमी करायचं ते संध्याकाळनंतर. रात्री उठावं लागतं म्हणून काही जण मे महिन्यातही दिवसभर तहानलेले राहतात. त्याने लघवी आणखी दाट होते, मूत्राशय चिडतं आणि घाई वाढते. वर मुतखड्याला आमंत्रण.

सर्दीच्या गोळीची रात्र

ही चूक मी सगळ्यात आधी सांगायला हवी होती, कारण ती आमच्या काउंटरवरून घडते.

काही वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आमच्याच गल्लीतल्या, सत्तरीच्या एका काकाजींनी सर्दीची गोळी मागितली. नेहमीची, नाक मोकळं करणारी. दुकानात गर्दी होती आणि मी काही न विचारता दिली. रात्री दोन वाजता त्यांच्या मुलाचा फोन आला. बाबांना आठ तासांपासून लघवीच नाही. मी गेलो तेव्हा ते पलंगाच्या काठावर बसले होते. एवढ्या थंडीत बनियान घामाने ओली. बेंबीखाली पोट माठासारखं टणक. काकू त्यांना तिसरा ग्लास पाणी पाजत होत्या, "पाणी पोटात गेलं की होईल" म्हणून. हॉस्पिटलात नळी घातली तेव्हा पिशवीत लिटरभर लघवी जमली. काकाजींनी डोळे मिटून घेतले आणि त्यांचा माझ्या मनगटावरचा हात सैल पडला. तो हात मी विसरलेलो नाही.

बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आकसवतं आणि मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायूही आवळतं. सोबत क्लोरफेनिरामिन असतं, ते मूत्राशयाचा जोर कमी करतं. वाढलेल्या ग्रंथीवर हे दोन्ही एकदम आले की दार बंद. म्हणून पन्नाशीच्या पुढच्या माणसाने सर्दी-खोकल्याचं काहीही घेताना "मला लघवीचा त्रास आहे" एवढं सांगावंच. आणि कधी लघवी पूर्ण तुंबलीच तर पाणी पाजू नका, पोट दाबू नका, सकाळची वाट पाहू नका. थेट कॅज्युअल्टी गाठा. त्यातून लगेच ऑपरेशनच होतं असं नाही. काकाजींना गोळी सुरू केली, तीन दिवसांनी नळी काढली आणि लघवी आपली आपण झाली.

चिठ्ठी शेजाऱ्याची, गोळी आपली

शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असं नाही. प्रोस्टेटच्या गोळ्या मुख्यतः दोन जातीच्या. टॅमसुलोसिन, सिलोडोसिन, अल्फुझोसिन या स्नायू सैल करतात. फरक काही दिवसांत कळतो, पण ग्रंथी तेवढीच राहते. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ग्रंथी लहान करतात, पण त्याला तीन ते सहा महिने लागतात. लोक नेमकं उलटं करतात. पहिलीने आठवड्यात बरं वाटलं की "झालं काम" म्हणून बंद, आणि दुसरीने महिनाभरात फरक नाही म्हणून तीही बंद. मग पुढच्या खेपेला "त्या डॉक्टरचा गुण नाही आला" म्हणतात.

पहिल्या जातीच्या गोळीने उठताना चक्कर येऊ शकते, विशेषतः बीपीची गोळी सुरू असेल तर. रात्री लघवीला उठताना आधी पलंगावर बसा, मग उभे राहा. आपल्याकडे मोतीबिंदूचं ऑपरेशन थंडीत करायची पद्धत आहे. त्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी चालू आहे, किंवा पूर्वी घेत होतो, हे न विसरता सांगा. या औषधाने डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा पडदा ऑपरेशनवेळी ढिला पडतो आणि त्यांना आधीपासून तयारी ठेवावी लागते. दुसऱ्या जातीची गोळी घरात गर्भवती सून किंवा लेक असेल तर तिच्या हाताने फोडून-कुटून देऊ नका. पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

रात्रीच्या लघवीचा दोष दर वेळी प्रोस्टेटचा नसतो, हेही ध्यानात घ्या. वाढलेली साखर, डापाग्लिफ्लोझिनसारखी शुगरची नवी गोळी, संध्याकाळी घेतलेली पाणी काढणारी गोळी, पायावर सूज. दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि रात्री बाहेर पडतं.

पीएसएचा आकडा एकटा वाचू नका

पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी. तिचा आकडा ४ च्या वर गेला म्हणजे कॅन्सर झाला, असं नाही. ग्रंथी वाढली, लघवीत जंतुसंसर्ग झाला, नुकतीच नळी घातली, तरी आकडा चढतो. संसर्ग असेल तर तो बरा होऊन काही आठवडे जाऊ द्यावे आणि मग पुन्हा तपासावं. तपासणीआधी दोन दिवस संभोग टाळावा. उलट फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल तर सहा महिन्यांनंतर आकडा साधारण निम्मा दिसतो. म्हणजे रिपोर्टवरचे ३ हे खरे ६ धरायचे. ही गोळी चालू आहे हे पॅथॉलॉजीवाला विचारत नाही, तुम्ही डॉक्टरांना सांगायचं.

कॅन्सर सुरुवातीला बहुतेकदा काहीच त्रास देत नाही, त्यामुळे "मला तर छान होते" हा पुरावा नाही. पन्नाशीनंतर या तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोलावं. वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल तर पंचेचाळिशीपासूनच. आणि थंडी वाजून ताप, बसताना खाली दुखणं, लघवीला आग, असं एकदम सुरू झालं तर तो ग्रंथीचा जंतुसंसर्ग असू शकतो. त्याचं अँटिबायोटिक दोन ते चार आठवडे चालतं. पाच दिवसांत ताप उतरला म्हणून उरलेल्या गोळ्या परत करायला येऊ नका, मी घेत नाही.

ऑपरेशन, आणि त्यानंतरचा गैरसमज

गोळ्यांनी भागलं नाही, पुन्हा पुन्हा लघवी तुंबली, खडे झाले, किडनीवर ताण आला, तर दुर्बिणीतून ऑपरेशन करतात. पोट फाडत नाहीत. संत्र्यांच्या गावात समजावायला सोपं आहे: साल जागेवर ठेवायची आणि आतल्या फोडी काढायच्या. पण कॅन्सर बहुतेकदा होतो तो सालीच्या भागात. म्हणून "प्रोस्टेट काढलं, आता कशाला पीएसए" हे चूक. ऑपरेशननंतर बरेचदा संभोगात वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. त्याने इजा होत नाही, पण हे आधी माहीत नसलं तर माणूस आतल्या आत खचतो. डॉक्टरांना आधीच विचारा, लाजू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. दहा-बारा दिवसांनी लघवीत थोडं लाल दिसू शकतं, खपली सुटल्यामुळे. रक्ताच्या गाठी पडू लागल्या किंवा लघवी अडली तर मात्र लगेच जा.

खर्चाच्या भीतीने अडून बसू नका. आपल्याकडे नागपुरात सरकारी हॉस्पिटलं आहेत: मेडिकल आहे, मेयो आहे, मिहानला एम्स आहे. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घ्या, सर्दीचीसुद्धा. तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता गेलो, मापाच्या भांड्यात किती मिली झाली, किती पाणी-चहा घेतला. आणि घरून निघताना लघवी करून निघू नका, सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं.