क्रिमिनल साइडला नवीन येताय? मग आधी बार रूममध्ये बसा

सनद म्हणजे वकिलीचा परवाना हातात आला की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, सिनियर कोणता धरू. प्रश्न बरोबरच आहे, पण दुसरा तितकाच महत्त्वाचा प्रश्न कुणी विचारत नाही, तो म्हणजे आपल्या कोर्टात आरोपीची बाजू लढवणारे जे वकील आहेत त्यांच्यात आपलं बसणंउठणं आहे का. माझी सनद 2019 ची, घरात कुणी वकील नाही, जिल्हा कोर्टात क्रिमिनल साइडलाच काम करते आणि गेली तीन वर्षं आमच्या असोसिएशनच्या क्रिमिनल अभ्यास मंडळाचं काम बघते. तिथे येणारी नवीन मुलंमुली जे प्रश्न विचारतात ते जवळपास तेच असतात म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

आधी एक गोंधळ दूर करते. बार कौन्सिल वेगळी आणि बार असोसिएशन वेगळी. कौन्सिल अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट 1961 खालची, आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, सनद तीच देते आणि तक्रार झाली तर शिस्तभंगाची कारवाईही तीच करते. असोसिएशन म्हणजे त्या त्या कोर्टातल्या वकिलांनी मिळून चालवलेली संघटना, तिची मेंबरशिप आपण होऊन घ्यायची. सनदीच्या फीबद्दल अजूनही मुलं घाबरून विचारतात, तर सुप्रीम कोर्टाने 30 जुलै 2024 ला स्पष्ट सांगितलंय की कायद्यात लिहिलेल्या फीपेक्षा जास्त घेता येणार नाही, म्हणजे खुल्या वर्गाला 750 रुपये आणि एससी एसटीला 125. ऑल इंडिया बार एक्झाम सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत पास व्हायची, ती पुढे ढकलू नका, कामात एकदा अडकलात की अभ्यासाला बसणं होत नाही.

पैशाचंही सांगते कारण त्यावर कुणी बोलत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनियरला शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 स्टायपेंड द्यावा असं परिपत्रक काढलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. त्यामुळे जॉइन होताना सिनियरशी सरळ बोला, सर मला महिन्याला किती मिळेल आणि माझं स्वतःचं एखादं काम आलं तर चालेल का. विचारण्यात काहीही गैर नाही, मी विचारलं नव्हतं आणि पहिली दोन वर्षं बसच्या पाससाठीही घरून पैसे घ्यावे लागले, ते आजही आठवलं की वाईट वाटतं.

आता बार रूम, म्हणजे कोर्टातली वकिलांची बसायची खोली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की वकील तिथे चहा पीत टाइमपास करतात. मी तिथे काय शिकले ते एका प्रसंगातून सांगते. मारामारीची केस होती, माझा आरोपी नंबर दोन. साक्षीदाराने सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना उत्तर देताना, सांगितलं की आरोपी नंबर दोनने डोक्यात काठी मारली, आणि पोलिसांसमोरच्या त्याच्या जबाबात ही काठी कुठेच नव्हती. मी उलटतपासात विचारलं की हे तुम्ही पोलिसांना सांगितलं नव्हतं ना, तो म्हणाला सांगितलं होतं, मी म्हटलं जबाबात तर नाही, आणि खूश होऊन पुढच्या प्रश्नाकडे गेले. दुपारी बार रूममध्ये मी हे उत्साहाने सांगत होते तेव्हा बाजूला बसलेल्या एका ज्येष्ठ सरांनी (माझे सिनियर नव्हेत, ते दुसऱ्या चेंबरचे) विचारलं, ते जबाबात का नाही याचं कारण त्याला विचारलंस का, आणि तपास अधिकाऱ्याला काय विचारणार आहेस? मला कळेचना. मग त्यांनी माझ्याच फाइलमधला कोरा कागद घेतला, त्यावर उभ्या रेघा मारून तीन रकाने पाडले. पहिल्यात साक्षीदार कोर्टात काय बोलला, दुसऱ्यात जबाबात काय आहे, तिसऱ्यात तपास अधिकाऱ्याला विचारलं का. मला म्हणाले, ओमिशन, म्हणजे कोर्टात सांगितलेली पण जबाबात नसलेली गोष्ट, साक्षीदाराकडे फक्त दाखवून होत नाही, जबाब ज्याने लिहून घेतला त्या अधिकाऱ्याकडून ते सिद्ध करून घ्यावं लागतं, की साक्षीदार माझ्यासमोर असं बोलला नव्हता. आणि जबाबातलं वाक्य कोर्टातल्या वाक्याच्या उलटं असेल तर ते वाक्यच साक्षीदाराला दाखवून त्यावर पोर्शन मार्क ए, म्हणजे त्या भागाला ओळखीची खूण, पाडून घ्यायचा आणि मग तपास अधिकाऱ्याकडून शाबीत करायचा. तहसीलदार सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश, 1959 चा निकाल, महत्त्वाचं ओमिशन हे कॉन्ट्रॅडिक्शन म्हणजे विसंगती ठरू शकतं, हे सगळं त्यांनी चहा गार होईपर्यंत समजावलं. माझं नशीब की तपास अधिकाऱ्याची साक्ष अजून व्हायची होती. कॉलेजात मी एव्हिडन्सला चांगले मार्क मिळवले होते पण हा तीन रकान्यांचा कागद कुठल्या पुस्तकात नव्हता. आजही माझ्या प्रत्येक सेशन केसच्या फाइलमध्ये पहिला कागद तोच असतो.

आमचं अभ्यास मंडळ पंधरा दिवसांतून एकदा, कोर्ट उठल्यावर साडेपाचला, लायब्ररीत. कधी वीस जण येतात कधी चौघं. एकाने एक निकाल वाचून यायचा आणि सांगायचा, बस. दर दोन महिन्यांनी मॉक उलटतपास, त्यात कुणीतरी मेडिकल ऑफिसर होतं, कुणी पंच, आणि नवीन मुलांनी प्रश्न विचारायचे. पंच झालेले आमचे एक ज्येष्ठ वकील इतकं खरं खरं विसरल्यासारखं बोलतात की विचारणाऱ्याला घाम फुटतो, पण तो घाम तिथे फुटलेला बरा, खऱ्या कोर्टात आरोपीचं आयुष्य पणाला लागलेलं असतं.

1 जुलै 2024 ला नवीन कायदे (आयपीसीच्या जागी बीएनएस म्हणजे भारतीय न्याय संहिता, सीआरपीसीच्या जागी बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) लागू झाले तेव्हा तर मंडळ महिनाभर रोज भरत होतं. भिंतीवर सीआरपीसीच्या जुन्या आणि बीएनएसएसच्या नव्या कलमांचा तक्ता चिकटवला होता, रेग्युलर जामिनाचं 439 आता 483, अटकपूर्वचं 438 आता 482, आरोपीच्या जबाबाचं 313 आता 351, कागदपत्रांच्या नकलांचं 207 आता 230. नवीन मुलांनी नंबर तर पाठ करावेतच पण आत काय बदललंय ते आधी बघावं. सेशन केसमध्ये डिस्चार्जचा, म्हणजे खटल्याआधीच आरोपातून मुक्त करा असा, अर्ज कमिटल झाल्यापासून (केस सेशन कोर्टाकडे पाठवल्यापासून) 60 दिवसांत द्यायचा असं आता कलम 250 मध्ये लिहिलंय, पूर्वी अशी मुदत नव्हती, आणि हे कित्येकांच्या लक्षातच नव्हतं. आणि गुन्हा 1 जुलै 2024 च्या आधीचा असेल तर कलमं आयपीसीचीच राहतात, अर्ज लिहिताना सवयीने बीएनएस टाकू नका.

बातम्यांचंही असंच. आमच्या ग्रुपवर कुणी ना कुणी रोज निकाल टाकतं, सगळे वाचणं जमत नाही, पण एकदा अशाच एका मेसेजने एक मुलगा सुटला. 27 मार्च 2023 ला सुप्रीम कोर्टाने ठरवलं की चार्जशीटची 60 किंवा 90 दिवसांची मुदत मोजताना रिमांडचा (कोर्टाने कोठडीत पाठवल्याचा) पहिला दिवस धरायचा. तोपर्यंत यावर दोन मतं होती आणि मी तो दिवस सोडून मोजत होते. ग्रुपवर एका मॅडमनी दोन ओळी टाकल्या, ज्यांचे 60 आणि 90 जवळ आलेत त्यांनी तारखा परत मोजा. माझ्याकडे तेव्हा आयपीसी कलम 380 ची घरातल्या चोरीची केस होती, 60 दिवसवाली. परत मोजलं तर ज्याला मी साठावा दिवस समजत होते तो एकसष्टावा निघाला. त्या दिवशी सकाळी कोर्ट बसायच्या आधी मी डिफॉल्ट बेलचा, म्हणजे मुदतीत चार्जशीट न आल्याने हक्काने मिळणाऱ्या जामिनाचा, अर्ज घेऊन खिडकीवर उभी होते, निकालाची प्रिंट जोडून, अर्जावर वेळ टाकून घेतली, आणि दुपारी तीनला चार्जशीट आलं. अर्ज आधीचा होता, जामीन झाला. त्याची आई दुसऱ्या दिवशी आली आणि काही न बोलता माझ्या टेबलासमोर बसून राहिली, मी तिला म्हटलं मावशी पाणी घ्या, तर तिला रडूच आलं. म्हणून सांगते, अर्जावर वेळ टाकून घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

ज्यांना सिनियर मिळत नाही किंवा घरची परिस्थिती बिनपगारी काम करण्यासारखी नाही त्यांनी लीगल एड डिफेन्स काउन्सिल सिस्टीमचा नक्की विचार करावा. नालसाची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) 2022 ची स्कीम आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाखाली पूर्णवेळ बचावाचे वकील असतात, चीफला किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो, डेप्युटीला सात आणि असिस्टंटला शून्य ते तीन, म्हणजे तुम्ही नवीन असलात तरी अर्ज करू शकता. काम कराराचं असतं आणि खासगी प्रॅक्टिस करता येत नाही हे लक्षात ठेवा. पण रिमांडला उभं राहणं, जेलमध्ये जाऊन आरोपीशी बोलणं, जामीन अर्ज, सगळं पहिल्या महिन्यापासून हातात येतं. फुकट मिळालेला वकील म्हणजे दुय्यम वकील असं लोक बोलतात ना, तो समज आपणच आपल्या कामाने मोडायचा आहे. आणि मोफत वकील फक्त गरिबांना असं नाही, विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्री असेल, एससी एसटी असेल किंवा माणूस कस्टडीत असेल तर उत्पन्न बघितलं जात नाही.

लीगल एडची केस घेताना एक निकाल मात्र पाठच करा, अनोखीलाल विरुद्ध मध्य प्रदेश, 2019. त्यात आरोपीला ज्या दिवशी वकील नेमून दिला त्याच दिवशी चार्ज फ्रेम झाला (आरोप निश्चित झाला) आणि फाशी लागली. सुप्रीम कोर्टाने खटला नव्याने चालवायला सांगितला, आणि जिथे जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते तिथे किमान दहा वर्षं प्रॅक्टिस असलेलाच वकील नेमावा आणि तयारीला साधारण सात दिवस तरी द्यावेत असं म्हटलं. म्हणजे कोर्टाने आजच उभे राहा म्हटलं तर नम्रपणे वेळ मागणं हा तुमचा उद्धटपणा नाही, तो आरोपीचा हक्क आहे.

जेल व्हिजिटला असोसिएशनतर्फे आम्ही प्राधिकरणासोबत जातो. जाताना वहीत चारच गोष्टी लिहायच्या, अटक कधी, कलम काय, याआधी शिक्षा झालीय का, दुसऱ्या केसेस आहेत का. कारण बीएनएसएसच्या 479 प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या माणसाने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायची तरतूद आहे, बाकीच्यांना निम्मा, फाशी जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तर हा फायदा मिळत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे जुन्या केसेसनाही लागू केलं. कागदावर सोपं आहे, पण आत बसलेल्या माणसाला स्वतःचं कलमही माहीत नसतं हो, मला साहेबांनी तारीख सांगितली नाही एवढंच तो सांगतो, बाकीचं तुम्हाला शोधून काढावं लागतं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एक गुन्हा असा घडला की सगळं गाव पेटलं. मोर्चे निघाले, आणि असोसिएशनच्या मीटिंगला काहींनी ठराव मांडला की आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही. हॉल गच्च भरला होता, सगळे हात वर करण्याच्या बेतात होते, मीही खूप चिडलेले होते हे कबूल करते. तेवढ्यात तेच तीन रकान्यांचे सर उठले. हातात झेरॉक्स होती, ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू, 2010. शांतपणे वाचून दाखवलं की बार असोसिएशनचे असे ठराव बेकायदेशीर आहेत, त्यांना काही अर्थ नाही, आणि राज्यघटनेचं कलम 22(1) आरोपीला वकिलाचा हक्क देतं. मग म्हणाले, उद्या निर्दोष माणूस उभा असेल तेव्हा तो निर्दोष आहे हे आपल्याला वकीलपत्र घेतल्याशिवाय कळणार कसं? दोन तीन जण ओरडले, एक जण उठून गेला. पण ठराव मताला टाकलाच नाही, अध्यक्षांनी मीटिंग संपवली. त्यानंतर आठ दहा दिवस सरांशी काही लोक बोलत नव्हते आणि त्यांच्या गाडीच्या काचेवर कुणीतरी घाणेरडं काहीतरी लिहिलं होतं, ते मी आणि माझ्या एका मैत्रिणीने पुसलं.

नवीन येणाऱ्यांना घरचे, शेजारचे, लग्नाच्या बोलणीतले पाहुणेसुद्धा विचारतात, अशा लोकांना का वाचवता. मी आता वाद घालत नाही. मी विचारते की तुमच्या भावाला उद्या चुकीने धरलं तर तुम्ही पहिला फोन कुणाला कराल.

त्या केसमधल्या आरोपीला शेवटी प्राधिकरणानेच वकील दिला आणि मदतीला असोसिएशनमधून आम्ही दोघी आहोत. केस साक्षीपुराव्याच्या टप्प्यावर आहे, अकरा साक्षीदार झालेत, पुढच्या तारखेला तपास अधिकारी आहे. माझ्या कागदावरच्या तिसऱ्या रकान्यात अजून नऊ जागा रिकाम्या आहेत, आज संध्याकाळी मंडळ संपल्यावर सर त्या प्रश्नांवर बसणार आहेत माझ्यासोबत. आमच्याच कोर्टातल्या कुणा नवीन ज्युनियरला ऐकायला बसायचं असेल तर साडेपाचला लायब्ररीत या, वही आणा.